आयरिश बँड दिवसा रेडिओवर का ऐकू येत नाहीत?

आयर्लंडमधल्या लिमरिकहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. मुलगी मैत्रिणींच्या बँडमध्ये बास गिटार वाजवते. बँडने दोन गाणी रेकॉर्ड करून काही स्टेशनांना पाठवली, उत्तर कुणाचंच नाही. शाळेतले संगीतशिक्षक म्हणतात, आयरिश रेडिओला आयरिश बँडचं वावडंच आहे. ओळखीतला एक रेडिओवाला म्हणतो, गाणी चांगली असती तर वाजली असती. खरं कोणाचं मानायचं आणि पोरींनी पुढे काय करायचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण आत काय घडतं ते दोघंही सांगत नाहीत. आयर्लंडमधल्या स्थानिक स्टेशनांवर गाण्यांचं वेळापत्रक लावण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. त्या खुर्चीतून दिसलेलं सांगतो. दर्जाचा प्रश्न येतो, पण रांगेत सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी तीन-चार दारं असतात आणि बहुतेक स्थानिक गाणी पहिल्या-दुसऱ्या दाराशीच अडकतात. त्यांना कुणी वाईट ठरवलेलं नसतं, कारण ती कुणी शेवटपर्यंत ऐकलेलीच नसतात.

आधी जागांचा हिशेब. रेडिओचा दिवस म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात. जाहिरातींचा भाव याच बारा तासांवर ठरतो. कायद्याप्रमाणे खासगी स्टेशनला प्रक्षेपणाचा किमान २० टक्के वेळ बातम्या आणि चालू घडामोडींसाठी ठेवावा लागतो आणि त्यातले दोन तास तरी या दिवसाच्या भागात बसवावे लागतात. यात सूट मागता येते, तरुणांसाठीच्या काही वाहिन्या ती घेतात. जाहिराती तासाला जास्तीत जास्त १० मिनिटं. मग निवेदकाच्या गप्पा, श्रोत्यांचे फोन, स्पर्धा, रहदारी आणि हवामान. आयर्लंडमध्ये हवामानावर बोलणं कधीच संपत नाही. हे सगळं वजा केलं की तासाला सरासरी दहा गाणी उरतात. बारा तासांची १२०.

यातल्या साधारण ७० जागा जुन्या गाण्यांच्या. कुणाला नव्वदचं दशक आवडतं, कुणाला दोन वर्षांपूर्वीचं. श्रोता स्टेशन लावतो तो ओळखीचं काहीतरी ऐकायला, म्हणून ही टोपली कधी रिकामी होत नाही. मग ए-लिस्ट. त्या आठवड्याची दहा सर्वांत जोरात चाललेली गाणी, प्रत्येक गाणं दिवसाच्या भागात चारदा. झाले ४०. १२० मधून ११० गेले, उरल्या दहा जागा. जगातल्या बाकी सगळ्या नव्या संगीतासाठी दिवसाला दहा जागा. त्यात अमेरिका आली, ब्रिटन आलं, कोरिया आला, डब्लिन आलं आणि लिमरिकमधल्या तुमच्या मुलीचा बँडही आला. स्टेशनागणिक आकडे थोडे हलतात, चित्र फारसं बदलत नाही. आठवड्याच्या प्लेलिस्ट मीटिंगमध्ये नवीन गाणी किती घेतली जातात? दोन, तीन, सणासुदीला शून्य. नोव्हेंबरच्या शेवटापासून ख्रिसमसची गाणी घुसली की महिनाभर नव्या बँडने दार वाजवूच नये.

या दहा जागांसाठी निवड कशी होते, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. मोठी स्टेशनं श्रोत्यांची चाचणी घेतात. गाण्याचा सात-आठ सेकंदांचा सर्वांत लक्षात राहणारा तुकडा ऐकवतात, त्याला आमच्याकडे ‘हुक’ म्हणतात. मग विचारतात: गाणं ओळखता का? आवडतं का? आता कंटाळा आलाय का? नवं गाणं पहिल्याच प्रश्नावर पडतं. आठ सेकंदांत अनोळखी गाणं कुणाला आवडल्याचं माझ्या पाहण्यात क्वचितच आलं. लोक अनोळखी गाण्याला नापसंत करतात असंही नाही, ‘माहीत नाही’ म्हणतात. पण तक्त्यात ‘माहीत नाही’चा रंग लालच असतो आणि प्रोग्राम डायरेक्टर रंग बघतो.

त्याला दोष देऊन उपयोग नाही. आयर्लंडमधला श्रोत्यांचा अधिकृत पाहणी अहवाल, जेएनएलआर, दर तीन महिन्यांनी येतो. देशातले सुमारे ८० टक्के प्रौढ रोज रेडिओ ऐकतात, युरोपच्या मानाने हे प्रमाण भरपूर आहे, आणि त्यातला प्रत्येक श्रोता पाव-पाव तासाच्या हिशेबाने मोजला जातो. अनोळखी गाणं लागलं आणि गाडीतल्या माणसाचा हात बटणाकडे गेला, तर तो पाव तास शेजारच्या स्टेशनच्या खात्यात. शिवाय स्टेशनं आता एकेकटी राहिलेली नाहीत. २०२१ मध्ये जर्मन मालकीच्या बावर समूहाने टुडे एफएम, न्यूजटॉक, ९८एफएम आणि स्पिन चालवणारी कम्युनिकॉर्प कंपनी घेतली. समूह मोठा झाला की गाणी निवडणारे कान कमी होतात. हा व्यवहाराचा भाग आहे, त्यात कारस्थान नाही.

आता परदेशी गाणं याच दारांतून सहज कसं जातं ते बघा. लॉस एंजेलिसहून निघालेलं गाणं डब्लिनच्या मीटिंगमध्ये येईपर्यंत स्ट्रीमिंगच्या याद्यांत चढलेलं असतं, टिकटॉकवर नाचून झालेलं असतं, बीबीसी रेडिओ १ वर वाजलेलं असतं. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तर बीबीसी थेट ऐकू येतं. म्हणजे गाणं ओळखीचं करून देण्याचा खर्च दुसऱ्याने आधीच केलेला असतो. डेन्मार्क किंवा फिनलंडच्या बँडला निदान आपल्या भाषेचा एक कोपरा असतो. आयरिश बँड इंग्रजीत गातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जगातल्या सर्वांत मोठ्या दोन इंग्रजी संगीतबाजारपेठा आहेत. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५० लाखांहून थोडी जास्त. पुणे जिल्ह्याहून कमी माणसांच्या देशात हा सामना चालतो.

‘परदेशी गाणी दर्जेदार, आपली जेमतेम’ हा समजही इथूनच निघतो. रत्नागिरीहून निवडून पेटीत आलेले दोन डझन आंबे आणि घरामागच्या झाडाखाली पडलेले सगळे आंबे यांची तुलना करून ‘आमचं झाडच खराब’ म्हणावं, तसं हे आहे. अमेरिकेतल्या हजारो बँडपैकी तुमच्या कानावर पाच येतात. आयर्लंडमधले मात्र पाचशे येतात, कारण ते कोपऱ्यावरच्या पबमध्ये वाजवत असतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या पबमधले पाचशे ऐकून बघा, मग बोलू.

हे नेहमी असंच होतं का? नाही. आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटापर्यंत तरुणांसाठी अधिकृत रेडिओच नव्हता. ती भूक चोरट्या स्टेशनांनी भागवली. मग ३१ मे १९७९ रोजी सरकारी आरटीईने रेडिओ २ सुरू केला, तोच आजचा २एफएम. चोरट्या स्टेशनांवर तयार झालेला डेव्ह फॅनिंग तिथे रात्रीचा कार्यक्रम करू लागला. त्या सप्टेंबरात यूटू नावाच्या डब्लिनच्या पोरांचा पहिला तीन गाण्यांचा रेकॉर्ड फक्त आयर्लंडमध्ये निघाला. पहिल्या बाजूला कुठलं गाणं ठेवायचं हे फॅनिंगच्या श्रोत्यांनी मत देऊन ठरवलं. तेव्हा त्या बँडकडे लंडनचा करार नव्हता, हुकची चाचणी नव्हती, दिवसाची जागा तर नव्हतीच. होता तो रात्री जागून ऐकणारा एक श्रोतृवर्ग आणि स्वतःच्या कानावर विश्वास असलेला निवेदक. सीमेपलीकडे, उत्तर आयर्लंडमध्ये, डेरीच्या अंडरटोन्स या बँडचं त्याच्या वर्षभर आधी असंच झालं. बेलफास्टमधल्या गुड व्हायब्रेशन्स या दुकानवजा कंपनीने त्यांचा रेकॉर्ड काढला आणि बीबीसीचा निवेदक जॉन पील याने तो रात्री लागोपाठ दोनदा लावला.

या दोन घटनांवर आयरिश संगीतात इतकं बोललं गेलंय की त्यांचा कंटाळा येतो, पण मुद्दा त्यातच आहे. दोन्ही ठिकाणी दार रात्रीचं होतं आणि किल्ली एका माणसाच्या हातात होती.

१९८८ च्या कायद्याने बहुतेक चोरटी स्टेशनं बंद झाली आणि खासगी परवाने आले. सेंच्युरी नावाचं पहिलं राष्ट्रीय खासगी स्टेशन १९८९ मध्ये सुरू झालं आणि १९९१ मध्ये बुडालं. त्यानंतर आलेल्यांनी धडा घेतला: जोखीम नको. तरीही रात्रीचं दार पूर्ण बंद झालं नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या, आता टुडे एफएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेशनवर डोनाल डिनीन रात्री गाणी लावायचा. त्याआधी १९९३ पासून तो आरटीईच्या कॉर्क स्टुडिओतून ‘नो डिस्को’ नावाचा टीव्ही कार्यक्रम करत होता. डेव्हिड ग्रे हा इंग्रज गायक, ज्याला त्याच्या देशात कुणी विचारत नव्हतं, तो डिनीनसारख्यांच्या आग्रहामुळे आयर्लंडमध्ये आधी पोचला. त्याने १९९८ मध्ये स्वतःच काढलेला अल्बम आयर्लंडमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला अल्बम मानला जातो. गंमत बघा, आयरिश रात्रीच्या रेडिओत कलाकार घडवण्याची केवढी ताकद आहे याचा सर्वांत मोठा पुरावा एक इंग्रज आहे.

उलट उदाहरण तुमच्याच गावचं. क्रॅनबेरीज हा बँड लिमरिकचा. त्यांचा पहिला अल्बम मार्च १९९३ मध्ये निघाला आणि ना आयर्लंडने ना ब्रिटनने फारशी दखल घेतली. त्याच वर्षी ते अमेरिकेत दुसऱ्या बँडच्या आधी वाजवायला गेले, तिथल्या कॉलेज रेडिओने आणि एमटीव्हीने त्यांना उचललं, आणि मग १९९४ मध्ये तोच अल्बम, त्याच गाण्यांसकट, घरी पहिल्या क्रमांकावर गेला. वर्षभरात गाण्यांचा दर्जा बदललेला नव्हता. ‘चांगलं असतं तर वाजलं असतं’ असं म्हणणाऱ्या तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना हे विचारा.

डब्लिनमध्ये फँटम नावाचं चोरटं स्टेशन होतं, ते २००६ मध्ये रीतसर परवान्यावर सुरू झालं. गिटारवाल्या बँडसाठी वाहिलेलं स्टेशन. २०१४ मध्ये त्याचं टीएक्सएफएम झालं आणि २०१६ मध्ये ते बंद पडलं. जाहिरातदारांना जितके श्रोते लागतात तितके ते जमवू शकलं नाही. जे लोक ‘वेगळं स्टेशन काढा, प्रश्न सुटेल’ म्हणतात त्यांनी हा दहा वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा.

आता दर्जाकडे येतो, कारण यात मी गुळमुळीत बोलणार नाही. आयरिश बँडचा सरासरी दर्जा कायम उत्तम होता असं म्हणणं खोटं आहे. १९८७ नंतर यूटू जगभर गाजले, तेव्हा लंडनच्या रेकॉर्ड कंपन्यांचे लोक पुढचे यूटू शोधायला डब्लिनला येऊ लागले. ज्याच्या गिटारमध्ये प्रतिध्वनी आणि गायकाच्या आवाजात आर्तता, त्याच्याशी करार. बरेच बँड एका अल्बमनंतर सोडून दिले गेले. त्या काळातली रेकॉर्डिंग आज ऐकली तर नकलेचा वास येतो. त्याच काळात खरं नवं करणारे लोक, मायक्रोडिझ्नी असोत की माय ब्लडी व्हॅलेंटाइन, बाहेर पडून लंडनला जाऊन बसले होते.

आणि दिवसाच्या रेडिओनेही एक साचा घडवला. रेडिओवर काय लागतं हे बँडनाही कळतं. पहिल्या ४० सेकंदांत मुखडा, मुखड्यात हजार लोकांनी एकत्र म्हणावं असं ‘ओ-ओ’, शेवटी एक ठोका थांबून पुन्हा तोच मुखडा. २०१० नंतर अशी गाणी लिहिणारे कितीतरी आयरिश बँड आले. कारागिरी पक्की होती. पण मीटिंगमध्ये एकामागून एक ऐकताना कुठलं कुणाचं ते पुन्हा नाव वाचून बघावं लागायचं. ती वाजली, हे खरं. म्हणजे तुमच्या शिक्षकांचं ‘वावडं आहे’ हेही पूर्ण खरं नाही. रेडिओला एका विशिष्ट प्रकारचे आयरिश बँड चालतात.

जे त्या साच्यात बसले नाहीत त्यांची यादी बघितली की मात्र मान खाली जाते. व्हिपिंग बॉय या बँडने १९९५ मध्ये काढलेला अल्बम आज आयरिश समीक्षकांच्या याद्यांत कायम वरच्या बाजूला असतो. तेव्हा तो खपला नाही म्हणून कंपनीने त्यांना सोडलं. गायक डेमियन राइसने २००२ चा अल्बम बहुतांशी घरीच रेकॉर्ड करून स्वतः काढला. लॅन्कम या बँडला चॉइस म्युझिक प्राइझ, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम आयरिश अल्बमचा पुरस्कार, दोनदा मिळाला, २०१९ आणि २०२३ च्या अल्बमसाठी. त्यांच्या २०२३ च्या अल्बमचं पहिलंच गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे. दुपारी तीनच्या तासात ते बसवून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन. फाँटेन्स डी.सी. ची मुलं डब्लिनच्या संगीत महाविद्यालयात भेटली. २०१९ च्या पहिल्याच अल्बमला ब्रिटनच्या मर्क्युरी पुरस्काराचं नामांकन मिळालं आणि २०२२ चा अल्बम आयर्लंड आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला आला. त्यांचा गायक डब्लिनच्या उच्चारात, जवळजवळ बोलल्यासारखा गातो. असा आवाज हुकच्या चाचणीत कधी पास झाला नसता.

माझं मत असं की दर्जा आणि रेडिओ यांचा बाण लोक उलटा काढतात. चांगले आहेत म्हणून वाजतात, यापेक्षा वाजतात म्हणून चांगले होतात, हे जास्त वेळा घडतं. गाणं वाजलं की गावाबाहेरच्या पबचा मालक बोलावतो. वर्षाला दहाऐवजी साठ कार्यक्रम होतात. साठ कार्यक्रमांत ड्रमर ताल सोडायचा थांबतो, गायिका ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत बघू लागते आणि कुठलं कडवं नको होतं ते आपोआप कळतं. दुसरा अल्बम पहिल्याहून चांगला होतो. बहुतेक आयरिश बँड दुसऱ्या अल्बमपर्यंत टिकतच नाहीत. डब्लिनचं घरभाडं भरायला नोकरी धरावी लागते. २०२२ मध्ये सरकारने २,००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला, त्यात संगीतकारही होते. माझ्या मते दर्जासाठी असा वेळ विकत घेऊन देणं हे कुठल्याही स्पर्धेपेक्षा जास्त कामाचं.

वाजण्याचे थेट पैसेही असतात, आणि तरुण बँड त्याबाबत कमालीचे निष्काळजी असतात. गाणं लागलं की गीतकार-संगीतकाराचे पैसे आयएमआरओ गोळा करते, रेकॉर्डिंगच्या मालकाचे पीपीआय, आणि प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचे आरएएपी. तिन्हीकडे नोंद वेगवेगळी. अमेरिकेत साध्या एफएमवर गाणं लागल्याबद्दल वाजवणाऱ्याला काहीच मिळत नाही, आयर्लंडमध्ये मिळतं. नोंदच नसेल तर कसं मिळणार?

मग कोटा हवा का? हा प्रश्न आयर्लंडमध्ये दर काही वर्षांनी उठतो. परवान्यांत आयरिश संगीताच्या प्रमाणाची बोली असते, ३० टक्के हा आकडा बराच काळ ऐकू येतो. २०१६ मध्ये विली पेनरोज या मजूर पक्षाच्या खासदाराने दिवसाच्या वेळेत ४० टक्के आयरिश संगीत सक्तीचं करणारं विधेयक मांडलं. ते कायद्यात उतरलं नाही. सगळे फ्रान्सकडे बोट दाखवतात. फ्रान्सने १९९४ मध्ये कायदा केला आणि १९९६ पासून ४० टक्के गाणी फ्रेंच असावीत, त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची, असं लागू केलं. पण तो कोटा फ्रेंच भाषेतल्या गाण्यांचा आहे. युरोपीय संघाला भाषा आणि संस्कृतीचं रक्षण समजतं. पासपोर्ट बघून गाणं निवडणं मात्र समान बाजारपेठेच्या नियमांत बसत नाही. आयरिश बँड इंग्रजीत गातो, म्हणून फ्रान्सची पळवाट त्याला मिळत नाही. आयरिश भाषेत गायलात तर वेगळी गोष्ट, पण तिथेही दार सताड उघडं नसतं. बेलफास्टच्या नीकॅप या रॅप गटाचं पहिलं आयरिश भाषेतलं गाणं २०१७ मध्ये शिव्या आणि अमली पदार्थांच्या उल्लेखांमुळे आयरिश भाषेच्याच रेडिओने उतरवलं होतं.

कॅनडाने १९७१ पासून कोटा ठेवला आहे. तिथे संगीत, कलाकार, रेकॉर्डिंगची जागा आणि शब्द यांपैकी दोन गोष्टी कॅनेडियन असाव्या लागतात. १९९१ मध्ये त्याच नियमाने ब्रायन अ‍ॅडम्सचा अल्बम कॅनेडियन ठरला नाही, कारण गाणी त्याने परदेशी निर्मात्याच्या जोडीने लिहिली होती. नियम केला की अशा गमती होणारच. तरीही कोट्याने कॅनडात एक अख्खा उद्योग उभा राहिला हे नाकारता येत नाही.

मी कोट्याच्या विरोधात नाही, आकड्याच्या भाबड्या प्रेमाच्या विरोधात आहे. ३० टक्के भरायचे असतील तर शेड्यूलर, म्हणजे गाण्यांचं वेळापत्रक लावणारा, काय करतो ते मला ठाऊक आहे. रात्री एक ते पाच आयरिश गाण्यांची रांग लावतो, दिवसा यूटू, क्रॅनबेरीज आणि होझियर आलटून पालटून टाकतो आणि महिन्याचा अहवाल भरतो. कागद निर्मळ, नवा बँड होता तिथेच. म्हणून आकडा ठेवायचाच तर तो दिवसाच्या वेळेला बांधावा आणि त्यातला ठरावीक भाग गेल्या दोन वर्षांत पहिलं गाणं काढलेल्यांसाठी राखावा. १५ टक्के चालतील, पण खरे.

तुमच्या मुलीच्या बँडच्या दृष्टीने आणखी एक दार आहे, तेही उघड बोलू. २०२० च्या जूनमध्ये संगीतक्षेत्रात प्रसिद्धीचं काम करणाऱ्या लिंडा कूगन बर्न यांनी आयरिश रेडिओवरच्या आयरिश गाण्यांचा स्टेशनवार लेखाजोखा प्रसिद्ध केला. कित्येक स्टेशनांच्या सर्वाधिक वाजलेल्या २० आयरिश गाण्यांत एखादी बाई होती, काहींत एकही नव्हती. एरवी ‘आयरिश संगीताला जागा द्या’ म्हणणारे बरेच जण त्या दिवशी गप्प होते. ‘बायकांची गाणी पुरेशी येतच नाहीत’ हे स्टेशनांचं ठरलेलं उत्तर. त्याच सुमारास आयरिश गायिकांनी एकत्र येऊन क्रॅनबेरीजचं एक गाणं घरगुती हिंसेविरुद्धच्या कामासाठी रेकॉर्ड केलं आणि ते अनेक स्टेशनांवर वाजलं. बायका होत्याच की. त्यानंतर काही स्टेशनांनी आकडे सुधारले. डेनिस चेला, सीमॅट या गायिकांना चॉइस पुरस्कार मिळाले. म्हणून पोरींना ‘तुमच्या वाट्याला काही येणार नाही’ असं कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं आहे, फक्त पुरतं जुनं झालेलं नाही.

आता करायचं काय. स्टेशनच्या सामान्य ईमेलवर गाणं पाठवणं थांबवा, तिथून ते कुणाच्याच कानापर्यंत जात नाही. रात्रीच्या आणि आयरिश संगीताच्या कार्यक्रमांचे निर्माते शोधा, त्यांचे दोन-तीन कार्यक्रम खरोखर ऐका आणि मग त्या माणसाला नावाने चार ओळी लिहा. २एफएम दर वर्षी नव्या आयरिश कलाकारांची एक यादी काढतं, तिच्याकडे लक्ष ठेवा. पण पहिली पायरी त्याहून जवळची. लिमरिकमध्ये वायर्ड एफएम हे विद्यार्थ्यांचं स्टेशन आहे, गॉलवेत फ्लर्ट एफएम, कॉर्कमध्ये विद्यापीठाचं स्टेशन. तिथे हुकच्या चाचण्या नसतात आणि स्टुडिओत येऊन दोन गाणी वाजवा म्हणायला लोक तयार असतात. अशा एखाद्या स्टेशनवर महिनाभर वाजलेलं गाणं दाखवून मोठ्या स्टेशनकडे गेलात तर ‘माहीत नाही’चा लाल रंग जरा फिका होतो. लिमरिकच्या डोलन्स या पबमध्ये एखाद्या मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवायला मिळालं तर पैशांचा विचार न करता घ्या. लिमरिकमध्ये म्युझिक जनरेशनचं काम चालतं, यूटू आणि आयर्लंड फंड्सच्या देणगीतून सुरू झालेला हा देशव्यापी उपक्रम मुलांना वाद्यं, शिक्षक आणि वेळ देतो. मुलगी अजून तिथे जात नसेल तर चौकशी करा.

गाण्याबद्दल: मूळ गाणं पाच मिनिटांचं असू दे, रेडिओसाठी साडेतीन मिनिटांची वेगळी प्रत करा. सुरुवातीचं वादन १५ सेकंदांच्या आत आणा. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये नेहमी होणारी चूक म्हणजे ड्रम मोठे आणि आवाज दबलेला. गाडीच्या स्पीकरवर इंजिन चालू ठेवून ऐका, शब्द कळले नाहीत तर मिक्स पुन्हा करा. एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही द्या. फाइलच्या नावात बँडचं आणि गाण्याचं नाव असू द्या. ‘फायनल मिक्स नवीन २’ नावाच्या फाइली स्टेशनच्या संगणकात हरवतात आणि कुणी शोधत बसत नाही. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या, त्याशिवाय वाजलेल्या गाण्याचा हिशेब लागणं अवघड जातं. शिव्या असतील तर स्वच्छ प्रत वेगळी. आयएमआरओची नोंदणी गाणं पाठवण्याआधी करा. सगळ्या मिळून गाणी लिहीत असतील तर कोणाचा किती वाटा हे आजच, मैत्री घट्ट असताना, कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांच्याही.

आणि उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. त्यानंतर त्याच गाण्यासाठी पुन्हा नको, पुढचं गाणं तयार झाल्यावर लिहा. निर्मात्याच्या डब्यात दुसरं गाणं आलं की तो पहिलंही काढून ऐकतो.